सरकारांच्या ट्रॅक्टरचे दात

आमच्या घरात मडकंसुद्धा वाजवून पाहिल्याशिवाय येत नसे. कुंभाराच्या दारात आबा, म्हणजे माझे वडील, उकिडवे बसायचे, मडकं डाव्या तळव्यावर धरायचे, उजव्या हाताच्या बोटानं टिचकी मारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. एक मडकं पसंत करायला त्यांना एवढा वेळ लागे की कुंभार मधेच उठून जेवून येई. बैल घ्यायचा तर विचारूच नका. तोंड उघडून दात मोजायचे, अंगावरचे भोवरे बघायचे, शेपटी धरून उठवायचं, बसवायचं, चिखलातून चालवायचं. मला बघायला जी मंडळी पुढं आली, तीही ह्याच शाळेतली. त्यांनी मला दारापासून चुलीपर्यंत चालवलं, सुईत दोरा ओवायला लावला, आणि वेणी खरी आहे की गंगावण लावलंय हे बघायला एका म्हातारीनं ती मायेनं ओढून बघितली. अशी ही आमची चोखंदळ जात. आणि ह्या माणसांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी वस्तू घेतली ती हात जोडून, मान खाली घालून, तिच्याकडं धड न बघता. ती वस्तू म्हणजे सरकारांचा ट्रॅक्टर.

हे सगळं आठवायला कारण माझा नातू. त्याला जुनापुराणा ट्रॅक्टर घ्यायचा आहे. शेतीला नव्हे, शेती त्यानं फक्त गाडीच्या काचेतून बघितली आहे. हौस म्हणून घ्यायचा, घासूनपुसून दारात उभा करायचा आणि लोकांच्या वरातींना भाड्यानं द्यायचा. परवा तो मोबाईलवर कुणा परदेशी गृहस्थाचा उपदेश ऐकत बसला होता आणि मला मराठीत सांगत होता. इंजिन गार असताना सुरू करून बघा. तेलात पाणी उतरलंय का बघा. नवाकोरा रंग दिसला तर सावध व्हा. मी म्हटलं, बाळा, हे सगळं आमच्या आत्यानं ह्या गृहस्थाच्या बापाच्या जन्माआधी सांगितलंय. तो हसला. माझ्या पिढीचं सगळं ह्या पोरांना हसण्यावारी न्यायची सवयच आहे, म्हणून लिहून ठेवते.

आमचं घर कोल्हापूरच्या कडेला, कसबा बावड्याच्या वाटेवर. पहाटे जाग यायची ती चरवीत पडणाऱ्या धारांच्या आवाजानं. आधी रिकाम्या पितळेवर टणटण, मग चरवी भरत आली की घुमल्यासारखा जाड आवाज. त्यात आत्याचं बोलणं. आत्या म्हशीशी बोलायची, कोंबड्यांशी भांडायची, पाटावरवंट्यावर खरडा वाटताना मिरचीलाही चार गोष्टी सुनवायची. तिचा आवाज नदीपर्यंत जायचा असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. आईचं अगदी उलट. आई फक्त चुलीशी बोलायची, तेही फुंकणीतून. भाकरी थापताना तिच्या बांगड्या वाजायच्या, तेवढाच तिचा आवाज. आम्ही तव्यावरची भाकरी, वर घट्ट दही आणि खरडा घेऊन ओट्यावर खायला बसायचो, आणि आत गोठ्यातून आत्याचं आकाशवाणी केंद्र चालू असायचं.

दोघींमधला हा फरक स्वभावाचा आहे असं मला लहानपणी वाटायचं. तो जमिनीचा होता. आत्या आबांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, तेव्हा आमच्या आज्यानं तिला ओढ्याकाठचं एक रान तोडून दिलं. अशा रानाला आमच्याकडं चोळीबांगडीचं रान म्हणतात. बाईला कपडालत्ता आणि पोटाला कुणापुढं हात पसरायला लागू नये म्हणून तिच्या नावचा तुकडा. आत्यानं त्या तुकड्यात वैरण केली, वैरणीवर म्हशी पाळल्या आणि म्हशी हाकत शहरात गंगावेशीत नेऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत दूध काढून विकलं. घरात ती आपलं मीठमिरची आपण आणायची, म्हणून घरात ती बोलायची. रान गेलं असतं तर तिला चुलीपाशी आईशेजारी बसायला लागलं असतं. हे ती जाणून होती, आणि आबाही जाणून होते.

आता सरकार, म्हणजे आमच्याकडचे जुने जहागीरदार. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांची नातवंडं चांगली आहेत, एक तर डॉक्टर आहे आणि मला बघायची फी घेत नाही. संस्थान विलीन झालं तसं ह्या सरकारांचं सरकारपण कागदावरून गेलं, पण लोकांच्या कमरेतून गेलं नाही. त्यांचा बंगला दिसला की आमच्या माणसांच्या कमरा आपोआप वाकायच्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांनी कुणाचं तरी बघून विलायती ट्रॅक्टर आणला होता. तो त्यांनी शेतात कमी आणि दसऱ्याला जास्त चालवला. पुढं तेलापाण्याचा खर्च झेपेना, पण गरज म्हणून विकायचा म्हटलं तर इभ्रत जाते. तेव्हा त्यांनी असं पसरवलं की शेतकऱ्यांची प्रगती व्हावी म्हणून सरकार आपला ट्रॅक्टर एखाद्या होतकरू घराला देणार आहेत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ असा. बदल्यात सरकारांना पैसा नको होता. त्यांना आत्याचं रान हवं होतं, कारण ते त्यांच्या आंब्याच्या बागेला लागून होतं.

होतकरू घर म्हणजे आमचं, हे धाकट्या काकांनी, म्हणजे तात्यांनी ठरवलं. तात्या आमच्या घरातले यंत्रतज्ज्ञ. ही पदवी त्यांना कशी मिळाली, तर गल्लीतली पहिली सायकल त्यांची, आणि पिठाच्या गिरणीत बसून ते इंजिनाचा आवाज ऐकत आणि मान डोलवत. गिरणीवाल्यानं एकदा त्यांना पट्टा चढवायला सांगितला होता, तेव्हा धोतर अडकलं आणि गिरणी बंद करून तात्यांना सोडवायला लागलं. एवढ्या अनुभवावर ते आबांना सांगायचे की बैलाला खायला लागतं, ट्रॅक्टर उभा असला की काही खात नाही. हे मात्र पुढं अगदी खरं ठरलं.

आबा आणि तात्या पहिल्यांदा ट्रॅक्टर बघायला गेले ते सांगावा धाडून, पटका बांधून, हातात नारळ घेऊन. आल्यावर तात्यांनी ओट्यावर जो वृत्तांत दिला तो मला शब्दन् शब्द आठवतो. बंगल्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं तेव्हाच ट्रॅक्टर घुरघुरत होता. केवळ आपण येणार म्हणून सरकारांनी आधीपासून सुरू करून ठेवला होता. केवढा हा मान. रंग तर असा की तोंड बघून घ्यावं, चाकांनासुद्धा काळा रंग मारलेला. आता आमच्यात बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात, झूल घालतात. रंग म्हणजे लपवाछपवी हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, रंग म्हणजे सणवार. चहा आला तो कानवाल्या कपातून. आबांनी कान सोडून कपच मुठीत धरला आणि बोटं भाजून घेतली, पण सरकारांपुढं हूं की चूं केलं नाही.

मग सरकारांच्या ड्रायव्हरनं, खाकी कोट आणि पितळी बटणांचा दादू म्हणून होता, त्यानं इंजिनातून तेल मोजायची सळई उपसून दाखवली. तिच्यावरचं तेल पांढरट होतं. तात्या गप्प राहिले, कारण सळई इथून निघते हेच त्यांना तेव्हा कळलं. आबांचा चेहरा मात्र उजळला. "दुधाळ हाय की," ते म्हणाले. आमचं घर दुधावर चाललेलं. पांढरं, दाट आणि स्निग्ध असं जे काही असेल ते आमच्या लेखी शुभच. सरकार हसले, दादू हसला, आणि तो शुभशकुन तिथंच पक्का झाला. आबांनी शब्द दिला. कुणाच्या रानावर दिला, ते तुम्हाला कळलंच.

मी नंतर आबांना कधीतरी विचारलं की अहो, तुम्ही मडकं वाजवून घेता, मग तो ट्रॅक्टर एकदा बंद करून परत सुरू करा असं का म्हणाला नाहीत. ते म्हणाले, सरकारांच्या वस्तूचे दात कसे बघायचे, इंदे? एवढंच म्हणाले, आणि त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं. बाजारात परक्या माणसाच्या बैलाचा जबडा फाकवणारे हात बंगल्याच्या फाटकात गेले की आपसूक जोडले जायचे. देशात मतदान झालं होतं, आबांनी बोटाला शाई लावून घेतली होती आणि ती पुसू नये म्हणून तो हात जपून धुतला होता. पण कमरेला ही बातमी पोचायची होती.

आत्याला सांगायचं काम दोघं भाऊ एकमेकांवर ढकलत होते. शेवटी जेवताना आबांनी भाकरीकडं बघत सांगितलं. ट्रॅक्टर आला की सगळ्या रानाचं सोनं होणार, तुला बसून खाता येईल, आता म्हशीमागं कशाला फिरायचं, असं बरंच काही. आत्यानं पूर्ण ऐकून घेतलं. ती ओरडेल म्हणून आई दोन पावलं मागं सरकली होती. आत्या ओरडली नाही. तिनं विचारलं, "दोन धारा काढून बघितल्या?"

हा आमच्याकडचा म्हशीचा रिवाज. म्हैस विकणारा लबाड असला तर आदल्या वेळची धार काढत नाही. कास तुंबते, तट्ट दिसते, आणि घेणाऱ्याला वाटतं दुधाची गंगाच आली. म्हणून जाणता माणूस न सांगता, भल्या पहाटे विकणाऱ्याच्या गोठ्यात जातो आणि आपल्या हातानं सकाळ-संध्याकाळ अशा लागोपाठ दोन धारा काढतो. दुसऱ्या धारेला म्हैस खरं बोलते. आत्याला ट्रॅक्टरातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की जे जनावर पाहुणे यायच्या आधीपासून घुरघुरत होतं, ते तुंबवलेलं होतं. तात्यांनी तिला समजावलं की ट्रॅक्टर आणि म्हैस ह्यांत फरक आहे. ती म्हणाली, "विकणाऱ्यात हाय व्हय फरक?"

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं म्हशींना वैरण टाकली, धारा आईवर सोपवल्या, लुगडं नीट नेसली आणि मला म्हणाली, चल इंदे, मी जातो बघायला. आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलतात, मी जातो, मी येतो. माझ्या पुण्याच्या सुनेला ह्याचं फार हसू येतं, येवो बापडं. आम्ही दोघी निघालो म्हटल्यावर आबा आणि तात्या धावत मागून आले. वाटभर तात्या तिला विनवत होते की असं न सांगता जाणं बरं दिसत नाही. धुकं होतं, ऊस ओला होता, आणि बंगल्याच्या आवारात ट्रॅक्टर गोणपाटाखाली निपचित उभा होता. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. खोटं कशाला बोलू, मलाही तो आवडला. लालभडक होता.

सरकार शाल पांघरून वरांड्यात आले. आबांनी आणि तात्यांनी मुजरा केला, इतका खाली की तात्यांचा पटका सुटला. आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला, नमस्कार केला आणि सरळ म्हणाली की ट्रॅक्टर सुरू करून दाखवायला सांगा. सरकारांनी तिच्याकडं बघितलंच नाही. ते आबांकडं बघत राहिले. आबा ट्रॅक्टरकडं, तात्या पटक्याकडं. शेवटी सरकारांनी बोटानं खूण केली आणि दादूनं पुढच्या बाजूला हँडल लावून फिरवायला सुरुवात केली.

तो फिरवत राहिला. इंजिन एकदा खोकलं, मग तेही नाही. दादूच्या कोटाची बटणं सुटली, कपाळावरून घाम गळायला लागला. तो म्हणाला, थंडी हाय, विलायती यंत्र हाय, थंडी बाधती. आत्यानं विचारलं, "विलायतंत थंडी नसती व्हय?" माझ्या तोंडून हसू फुटलं आणि तात्यांनी माझा दंड दाबला. मग माळ्याला उठवलं, गडी आणले, आतून तापलेल्या पाण्याचा हंडा आणून इंजिनात ओतला, सगळ्यांनी मिळून ट्रॅक्टर ढकलला. मिनिटभर तो धडधडला, पांढऱ्या धुराचा लोट आला, सगळे खोकले, आणि तो बंद पडला. खालून पाण्याची धार लागली होती. ती त्या लाल रंगावरून ओघळत जमिनीवर येत होती.

आत्या जवळ गेली. तिनं नखानं रंग खरवडला. रंगाखाली एक माशी निघाली, पंखांसकट रंगवलेली. म्हणजे पुसण्याचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. मग तिनं दादूला ती सळई काढायला लावली. पांढरट तेल तिनं बोटावर घेतलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला.

"ह्यात पाणी हाय," ती म्हणाली. "एवढं पाणी मी दुधात घातलं असतं, तर गंगावेशीत गिऱ्हाइकानं चरवी माझ्या डोस्क्यात घातली असती."

दादू म्हणाला, ते इंजिन थंड राहावं म्हणून असतं. त्यावर माळी तोंड फिरवून उभा राहिला. मला वाटतं तोही हसत होता. सरकारांनी शाल सारखी केली, आणि आत्याकडं न बघताच, खालच्या आवाजात, अगदी साधी चौकशी केल्यासारखं आबांना विचारलं.

"काय रे आबाजी, तुमच्या घरात हल्ली व्यवहाराचं बायका बोलतात वाटतं?"

आबांनी आत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझा बाप मडकं पारखणारा माणूस होता, त्याच्यासमोर आता फुटकं मडकं ठेवलं होतं, आणि फक्त टिचकी मारायची होती. आबा कमरेत वाकले.

"न्हाई सरकार," ते म्हणाले. "आमच्यात बायका बोलत न्हाईत."

मला त्यांचा इतका राग आला की आज, ते जाऊन एवढी वर्षं झाली तरी, हे लिहिताना हात थांबतो. आत्यानं मात्र शांतपणे बोटाचं तेल गवताला पुसलं.

"बरं," ती म्हणाली. "बोलत न्हाई. मग माझ्या रानाचं बी हितं कुनी बोलायचं न्हाई."

आणि ती वळून चालायला लागली. मी तिच्यामागं. घरी आल्यावर तिनं पाय धुतले आणि गोठ्यात गेली.

आमच्यामागं तिथं जे घडलं ते नंतर तात्यांकडून कळलं. कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल की प्रकरण मिटलं. तुमचा ट्रॅक्टर तुम्हाला लखलाभ म्हणून भाऊ घरी आले असतील. नाही. सरकार म्हणाले की आबाजी, शब्द दिला होतास, पण असो, बाई अडाणी आहे, आम्ही राग धरत नाही. ह्या 'असो'नं आबांचा जीव अर्धा झाला. एवढ्या मोठ्या माणसाला बाईमाणसाचं ऐकून घ्यावं लागलं, ते आपल्या घरामुळं. ह्या उपकाराची फेड म्हणून आबांनी ट्रॅक्टर घेतला. पाणी गळताना बघून, माशी बघून, सगळं डोळ्यांनी बघून घेतला. आत्याचं रान मिळणार नव्हतं, तेव्हा स्वतःच्या वाट्याची नदीकडची पट्टी दिली, आमची सगळ्यात सुपीक. सरकारांनी मोठ्या मनानं ती पत्करली.

ट्रॅक्टर घरी आला तो आमच्या दोन्ही बैलजोड्यांनी ओढत. गावातून मिरवणूक निघाल्यासारखी माणसं दुतर्फा उभी. तात्या ट्रॅक्टरवर बसून चाक फिरवत होते, जणू बैल त्यांच्याच हुकमानं वळत होते. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पुढच्या दिव्यांना हळदकुंकू लावलं. दादूला चार दिवस कोंबडी खाऊ घालून त्याच्याकडून तो एकदा सुरू करवून घेतला. ट्रॅक्टरनं अर्धं रान नांगरलं, हे मी नाकारत नाही. मग आतून काहीतरी तडकल्याचा आवाज आला आणि जिथं होता तिथं थांबला. तिथून परत गोठ्यापर्यंत बैलांनीच आणला. आणि तरीही तात्यांनी हट्टानं एक जोडी बाजारात विकून टाकली, ट्रॅक्टर दुरुस्त झाला की बैल कशाला हवेत म्हणून. दुसरी जोडी आत्यानं एक दुभती म्हैस आबांना देऊन बदल्यात घेतली. हा सौदा तिनं आईमार्फत केला.

कारण आत्याचं आबांशी बोलणं बंद झालं होतं. रुसवा नव्हता तो. तिनं फक्त भावाचा शब्द राखला. आमच्यात बायका बोलत नाहीत असं घरच्या कर्त्या पुरुषानं सरकारांपुढं सांगितलंय, तो खोटा पडता कामा नये. घरात पुरुष असले की ती तोंड उघडायची नाही. धारा काढताना गप्प. खरडा वाटताना गप्प. तात्या सुरुवातीला म्हणाले, घर कसं शांत झालं. आठवडा गेला तसे तेच ओट्यावर अस्वस्थ बसायला लागले. म्हशींनी दूध चोरायला, म्हणजे कासेतच राखायला, सुरुवात केली. आबा उगीच गोठ्यात जायचे, खाकरायचे, वैरण बरी आहे का विचारायचे, आणि आत्या माझ्याकडं बघायची. मी उत्तर द्यायचे. मला ते सहन होत नव्हतं. त्या घरातला तो आवाज म्हणजे माझं बालपण होतं, आणि तो माझ्या बापानं एका माणसाच्या शालीपुढं ठेवून दिला होता.

पावसाळा लागला. चार दिवस पाऊस पडला, मग उघडीप झाली, वाफसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी झाली. हा वाफसा एकदा गेला की पेरणी हुकते. चहूकडं रानांत पेरणीच्या पाभरी चालू झाल्या, माणसांच्या आरोळ्या ऐकू यायला लागल्या. आमच्या रानात पाभर तेवढी उभी, ओढायला बैल नाही. तात्या सकाळपासून ट्रॅक्टरचं हँडल फिरवत होते. आबा बराच वेळ ते बघत राहिले आणि मग ओढ्याकडं चालू लागले. मी आत्याची न्याहारी घेऊन तिकडंच निघाले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

आत्या वैरण कापत होती. बैल बांधावर चरत होते. आबा बांधावर उभे राहून म्हणाले, आक्का, बैलं पाहिजेत. आत्यानं मान वर केली, ऐकलं, आणि परत विळा चालवायला लागली. आबा परत म्हणाले. विळ्याचा आवाज फक्त. शेजारच्या रानातले लोक पाभर थांबवून बघायला लागले. आबांनी माझ्याकडं बघितलं, मी सांगेन म्हणून. मी भाकरीचं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. आता ह्या दोघांच्यात मी पडणार नव्हते.

आबांनी डोक्याचा पटका काढला. ऊन चढत होतं, रान सुकत होतं.

"आक्का," ते म्हणाले, आणि ह्या खेपेला मोठ्यानं म्हणाले, ओढ्यापलीकडं सरकारांच्या बागेतला माळी मान वर करून बघेल इतक्या मोठ्यानं. "चुकलं माझं. सरकारापुढं मी खोटं बोललो. आमच्यात बायका बोलत्यात. तू बोल की गं."

आत्यानं विळा खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं. मग ती बोलली. आधी ट्रॅक्टरवर बोलली, मग तात्यांवर, मग सरकारांच्या शालीवर आणि दादूच्या बटणांवर, मग नदीकडच्या पट्टीवर, तिच्यातल्या मातीवर, आज्याच्या नावावर, आणि तिथं तिचा आवाज फुटला, तरी ती थांबली नाही. बैलांचे कासरे तिनं मधेच सोडून आबांच्या हातात दिले होते, पण आबा गेले नाहीत. कासरे धरून, बोडक्या डोक्यानं, ते संपेपर्यंत ऐकत उभे राहिले. त्या दिवशी आमची पेरणी दुपारनंतर सुरू झाली.